ऑनलाइन अभ्यासक्रम पारखून घेताना

ऑनलाइन पदवीचे शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचे, नेमक्या अभ्यासक्रमाचे आणि चालू सत्राचे नाव स्वतः शोधावे. कारण विद्यापीठ नामांकित असले, तरी त्याचा प्रत्येक अभ्यासक्रम ऑनलाइन चालवण्यास मान्य असतोच असे नाही, आणि अभियांत्रिकी वा वैद्यकीय पदवी तर या मार्गाने देताच येत नाही. माझ्या भाच्याने कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका खासगी वर्गाच्या पत्रकावरील ‘मान्यताप्राप्त’ या एका शब्दावर भिस्त ठेवली. मान्यता कोणाची, हे त्यावर कुठेच छापलेले नव्हते. शंका असल्यास कोल्हापुरातच सागरमाळावर असलेल्या शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्रात जाऊन विचारावे. ती फेरी वाया जात नाही.

प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत मूल्यमापन पाहावे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन व्यासपीठावरील एनपीटीईएलच्या, म्हणजे आयआयटींच्या संयुक्त उपक्रमाच्या, अभ्यासक्रमांत साधारणतः स्वाध्यायांना २५ टक्के, तर केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ टक्के भार असतो. केवळ चित्रफिती पाहून मिळणाऱ्या प्रमाणपत्राला, माझ्या मते, हजेरीपलीकडे किंमत नाही. नमुना पाठाखालील प्रश्नही वाचावेत: शेवटच्या शंकेला शिक्षकाने उत्तर कधी दिले, ती तारीख जाहिरातीपेक्षा अधिक सांगते.