हाइडमध्ये बसायला जाण्याआधी

हाइड म्हणजे पक्ष्यांचे फोटो लपून काढण्यासाठी वाडीत उभारलेला खिडकीचा आडोसा. तिथे जायचं तर पहिला फोन वाडीच्या मालकांना करायचा. लेन्स कोणती न्यायची, हे त्यानंतर ठरवायचं. खिडकीपासून पाणवठ्याची फांदी किती फुटांवर आहे, हे नक्की विचारा. हाइडसमोर पक्षी कधीकधी दहा-बारा फुटांवर उतरतो आणि ६०० मिमी एफ/४ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स साधारण साडेचार मीटरच्या, म्हणजे पंधरा फुटांच्या आत फोकसच करत नाही. भाड्याने आणलेली अवजड लेन्स समोर धरून मी शामा पक्ष्याची अंघोळ नुसती बघत बसलो आहे. निकॉनची २००-५०० मिमीची झूम लेन्स मात्र २.२ मीटरपर्यंत चालते.

त्याच फोनवर पाण्याचंही विचारा. कर्जत-मुरबाडकडे एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात, तेव्हा पसरट भांड्यात थेंबथेंब पडणाऱ्या पाण्यावर बुलबुल, कस्तूर, नाचण, स्वर्गीय नर्तक येतात. जूनमध्ये पावसाने जोर धरला की पाणी सगळीकडे, मग हाइडपुढे कोण येणार? किडे टाकून किंवा रेकॉर्ड केलेली शीळ वाजवून पक्षी बोलावतात का, हेही विचारून घ्या. उत्तर ‘हो’ आलं तर मी जात नाही. घरट्यासमोरच्या हाइडमध्ये तर नाहीच. जमीन खासगी असली तरी १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथेही लागू आहे.

भाड्यावरून घासाघीस करू नका. टेक्सासमध्ये ९० टक्क्यांहून अधिक जमीन खासगी आहे. तिथे दक्षिणेकडचे काही रँचमालक छायाचित्रकारांना हाइड भाड्याने देतात, त्यामुळे काटेरी झुडपांचं रान राखणं त्यांना परवडतं. आपल्याकडे वाडीचे प्लॉट पाडायला गिऱ्हाईक दारात उभंच असतं. पाणवठ्यावर येणाऱ्या पक्ष्यांमुळे चार पैसे मिळाले, तर झाडं राखणाऱ्या मालकांच्या हाताला थोडं बळ येतं.

आदल्या रात्रीच लोकलने कर्जत गाठून मुक्काम करा, कारण उजाडायच्या आत हाइडमध्ये शिरायचं असतं. लेन्स टेकवायची पिशवी, म्हणजे बीन बॅग, रिकामी न्या आणि गावातल्या वाण्याकडून तीन-चार किलो तांदूळ घेऊन तिथेच भरा. खिडकी खाली असते, ट्रायपॉडचे पाय पसरायला जागा नसते. कपडे काळे किंवा गडद असू द्यात. आतला अंधार हेच खरं लपणं, पांढरा शर्ट जाळीतून चटकन दिसतो. कॅमेऱ्याचा बीप, फोकसचा मदत-दिवा, मागच्या स्क्रीनचा उजेड, सगळं घरीच बंद करा. सायलेंट शटर असेल तर तेच लावा. सावलीत बसलेल्या पक्ष्याला १/२५० सेकंदाचा शटर स्पीड पुरतो, पण अंघोळीचे तुषार गोठवायचे तर १/१६०० तरी हवा. म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहून वर जाणार, त्याला घाबरू नका.

आवाजाची तयारी बहुतेकजण विसरतात. बॅगेची वेल्क्रो आणि झिप बसण्याआधीच उघडून ठेवा. एकदा मी वेल्क्रो ओढली आणि पाण्यावर आलेला नवरंग उडाला, तो संध्याकाळपर्यंत परतला नाही. खाऊचं चुरचुरणारं पाकीट नको. पोळी-भाजीची गुंडाळी सुती फडक्यात बांधून घ्या. डासांसाठी मलम आधीच लावा, अगरबत्ती किंवा कॉइल आत पेटवू नका. सुटे कार्ड आणि बॅटरी खिशात ठेवा. पाणी घोटघोट प्या, कारण पक्षी समोर असताना बाहेर जाता येत नाही.

दुपारी साडेतीननंतर पुन्हा वर्दळ वाढते, म्हणून परतीची गाडी संध्याकाळची धरा. पाण्यावर एखादा कस्तूर असेल तर तो पिऊन जाईपर्यंत जागचे हलू नका. मग निघताना तांदूळ बीन बॅगेतून काढून वाडीवरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात ठेवा.