पंच मारताना गोलरक्षक कोठे चुकतो : शिकवतानाच या चुका टाळा

शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाच्या जिल्हास्तरीय फेऱ्या बहुधा पावसाळ्यात येतात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या काळ्या मातीच्या मैदानांवर तेव्हा चेंडू ओला, चिखलाने माखलेला आणि हातातून निसटणारा असतो. अशा वेळी कॉर्नरवरून आलेला उंच चेंडू गर्दीत झेलण्याचा हट्ट अंगाशी येतो, म्हणून मुठीने चेंडू दूर मारणे, म्हणजेच पंच, प्रत्येक गोलरक्षकाला आला पाहिजे. मात्र तो शिकवताना आपण बहुतेक जण थेट हातांपासून सुरुवात करतो. फसलेल्या पंचची चूक मुठीत दिसते हे खरे, पण माझ्या अनुभवात ती बहुतेक वेळा त्याआधीच, निर्णयात आणि पावलांत झालेली असते.

पंच कधी मारायचा हे सांगितलेच नसेल, तर मूल प्रत्येक उंच चेंडूला बुक्की मारू लागते. झेलता येण्यासारखा चेंडू झेललाच पाहिजे, कारण झेललेला चेंडू आपल्या संघाकडे राहतो आणि मारलेला कोणाच्या पायाशी पडेल याचा भरवसा नसतो. समोर गर्दी असेल, चेंडू ओला असेल किंवा मागे सरकत उडी घ्यावी लागणार असेल, तरच पंच योग्य. हा निर्णय पाय जमिनीवर असतानाच झाला पाहिजे. हवेत गेल्यावर मन बदलले की पंजा अर्धवट उघडा राहतो, चेंडू बोटांच्या टोकांवर आदळतो आणि बोट दुखावते.

पावलांची चूक सर्वांत महाग पडते. कॉर्नरची किक बसताच मूल घाईने पुढे धावते, चेंडूच्या खाली लवकर पोहोचते आणि तेथे थांबून दोन्ही पायांवर जागच्या जागी उडी मारते. धावत आलेला विरोधी खेळाडू त्याच्यापेक्षा उंच उडतो आणि हातांचा फायदा वाया जातो. चेंडूची वाट आणि वेग आधी वाचावा, मग थोडे उशिरा पण जोरात निघावे, शेवटची पावले आखूड टाकावीत आणि एका पायावर उडी घेऊन दुसरा गुडघा वर उचलावा. चिखल बुटांना चिकटून पाय जड होतात तेव्हा लांब शेवटचे पाऊल हमखास घसरते. उचललेल्या गुडघ्याने उंची मिळते आणि पोटाचे रक्षणही होते, परंतु तो कोणाच्या अंगात खुपसण्यासाठी नाही, हे मुलांना स्पष्ट सांगावे, कारण आपल्या पेनल्टी एरियात बेपर्वाईने दिलेली धडक पेनल्टी किक ओढवून घेते.

हाक न देणे हीदेखील मोठी चूक आहे. आपल्याकडची बरीच मुले घाईत ‘मना, मना’ (माझा, माझा) असे अहिराणीत ओरडतात. मोठ्याने ओरडतात हे चांगलेच, पण बचावपटूही तेच म्हणतो आणि समोरचा संघही अहिराणी बोलणाराच असतो, त्यामुळे चेंडू नेमका कोणाचा हे कळत नाही. म्हणून ‘कीपर’ हा एकच शब्द ठरवून द्यावा आणि तो फक्त गोलरक्षकाने, निघताना एकदाच, खणखणीत उच्चारावा.

आता मूठ. अंगठा बोटांच्या आत दाबून मूठ वळण्याची सवय पहिल्याच दिवशी मोडावी, कारण जोराचा चेंडू बसला तर तो अंगठा मोडू शकतो. अंगठा बोटांच्या बाहेर राहिला पाहिजे. दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवून बोटांचा एकच सपाट पृष्ठभाग करावा, मनगटे ताठ ठेवावीत, कोपरे छातीजवळ दुमडावीत आणि चेंडू भेटण्याच्या क्षणी हात झटक्यात सरळ करावेत. हातमोजे मोठ्या मापाचे असतील तर बोटांच्या टोकांशी कापड गोळा होऊन मूठ सपाट होत नाही. पुढच्या वर्षी बसतील म्हणून सैल मोजे घेण्याचा मोह पालकांनी टाळावा.

व्हॉलीबॉल खेळणारा उंच मुलगा गोलमध्ये उभा केला की तो हात मागे नेऊन स्मॅशसारखा फिरवतो. अशा फटक्यात नेम चुकतो आणि वेळही जातो. पंच आखूड असावा आणि चेंडूच्या मध्याच्या किंचित खाली बसावा, म्हणजे चेंडू उंच जातो. शक्य तेथे दोन मुठी वापराव्यात, आणि त्या चेंडू आला त्याच दिशेला परत मारण्यासाठी उपयोगी पडतात. चेंडू डोक्यावरून दूरच्या खांबाकडे चालला असेल तर एका मुठीने त्याच दिशेला पुढे ढकलावा. उंच, लांब आणि बाजूला, हाच क्रम लक्षात ठेवावा, कारण मधोमध पेनल्टी एरियाच्या कडेवर पडलेला चेंडू विरोधी संघाला आयता मिळतो.

सरावात थेट कॉर्नर घेऊ नयेत. आधी मुलाला गुडघ्यांवर बसवून चार-पाच मीटरवरून हाताने चेंडू टाकावा. पाय वापरता येत नसल्याने मुठीची चूक तेव्हा लगेच दिसते. मग उभ्याने, मग एका पायावर उडी घेऊन, त्यानंतर शेजारी फक्त उभा राहणारा एक खेळाडू ठेवून, आणि शेवटी खऱ्या क्रॉसवर, म्हणजे बाजूने गोलसमोर मारलेल्या उंच चेंडूवर, सराव घ्यावा. लहान मुलांना चार नंबरचाच चेंडू द्यावा. पाऊस सुरू होण्याआधीच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, चेंडू बादलीत बुडवून काढून सराव घेतला तर स्पर्धेच्या दिवशी ओला चेंडू नवखा वाटत नाही.

सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेल्या चेंडूला, तो कितीही उंच आला तरी, पंच मारू नये. असा चेंडू गोलरक्षकाने हाताने हाताळू नये हा बॅकपासचा नियम १९९२ पासून आहे आणि मुठीचा स्पर्शही हाताचाच धरला जातो.

पंच मारल्यावर पडून किंवा उभे राहून चेंडू पाहत बसणारे गोलरक्षक दुसऱ्या फटक्यावर गोल खातात. जमिनीवर पाय टेकताच चेंडूकडे तोंड ठेवून गोलरेषेकडे परतावे आणि बचावपटूंना ‘बाहेर’ म्हणून पुढे सरकवावे. सरावातही प्रत्येक पंचनंतर प्रशिक्षकाने लगेच दुसरा चेंडू गोलकडे मारावा.