धमन्यांचा कडकपणा मोजताना या चुका टाळा

इंदूरला सकाळची टेस्ट म्हटलं की पेशंट वाटेत पोहे-जलेबी आणि कट चहा घेऊनच येतो, आणि पीडब्ल्यूव्हीची गडबड तिथूनच सुरू होते. पल्स वेव्ह व्हेलॉसिटी म्हणजे नाडीची लहर मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने पोचते ते, धमनी जितकी कडक तितका वेग जास्त. खाणं, चहा-कॉफी, सिगारेट सगळं निदान ३ तास आधी बंद, आणि हे फोनवर वेळ देतानाच सांगा, टेबलावर झोपवल्यावर विचारून काय उपयोग?

जिना चढून आलेल्या काकांना लगेच सेन्सर लावू नका, १० मिनिटं शांत पडू द्या, गप्पा नाहीत आणि डुलकीही नाही. बीपी तेव्हाच घेऊन रिपोर्टवर लिहा, कारण बीपी चढलं की धमनीची भिंत ताणली जाते आणि वेग वाढतो, मग पुढच्या वर्षी आकडा बदलला तर धमनी बदलली की बीपी, कळणारच नाही.

सगळ्यात जास्त घोळ अंतराचा. मशीन फक्त वेळ मोजतं, अंतर आपण टेपने घेतो, आणि सुटलेल्या पोटावरून टेप फिरवला की अंतर उगाच वाढतं, तिथे टेप हवेत सरळ ताणून धरा. २०१२ च्या तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात मान ते जांघ या सरळ अंतराच्या ८० टक्केच धरायला सांगितलंय आणि १० मीटर प्रति सेकंद ही मर्यादा (वेग त्यावर गेला तर धमनी कडक) त्याच हिशोबाची आहे. समजा टेपवर ६५ सेंमी आले आणि वेळ ६० मिलिसेकंद. पूर्ण अंतर धरलं तर वेग १०.८, ८० टक्के धरलं तर ८.७. माणूस तोच, धमनी तीच, पण एका रिपोर्टवर घरचे घाबरणार आणि दुसऱ्यावर नाही! म्हणून कुठली पद्धत वापरली ते रिपोर्टवर लिहाच, प्लीज.

दंड-घोट्याला पट्टे बांधून येणारा आकडा वेगळाच असतो, बऱ्यापैकी मोठा, त्याला ही १० ची मर्यादा लावू नका.

सोनोग्राफीने मानेच्या धमनीची लवचिकता काढताना दंडाचं बीपी तसंच टाकतात, तेही चूक, तरुणांमध्ये दंडातला पल्स प्रेशर (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) मानेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे धमनी आहे त्यापेक्षा कडक दिसते.

पीडब्ल्यूव्हीचं रीडिंग दोनदा घ्या, ०.५ मीटर प्रति सेकंदपेक्षा जास्त फरक आला तर तिसरं घ्या आणि मधला आकडा धरा. ठोके अनियमित असतील, एट्रियल फिब्रिलेशन वगैरे, तर त्या दिवशी आकडा देऊच नका.