लांबचं कॉलेज आधी बघून यावं का? जोसा आणि कॅपच्या मोसमातला अनुभव

दोन माणसांची जाण्यायेण्याची तिकिटं, एक रात्र लॉजवर, रिक्षा, खाणंपिणं आणि ऑफिसमधून काढलेल्या रजा. मुंबईहून लांबचं इंजिनिअरिंग कॉलेज नुसतं बघून यायचं म्हटलं तरी नोकरदार घराला हा खर्च जाणवतो. शिवाय तिथे प्रवेश मिळेलच याची खात्री नसते. म्हणून जून उजाडला की आमच्या भांडुपच्या सोसायटीत बारावीच्या मुलांचे आईवडील जिन्यात थांबवून विचारतात, "वहिनी, आधी जाऊन बघून येऊ का?" माझी दोन्ही मुलं घरापासून लांब शिकली. मुलाच्या वेळी आम्ही गेलो नाही आणि मुलीच्या वेळी गेलो. दोन्ही निर्णय मला आजही पटतात.

मी सगळ्यांना एकच विचारते: तिथे जाऊन आल्यावर, प्रवेशाच्या अर्जात भरायच्या तुमच्या पसंतीच्या यादीतला क्रम बदलेल का? बदलण्यासारखा असेल तर उसने पैसे घेऊनही जा. काहीही दिसलं तरी ते कॉलेज त्याच जागी राहणार असेल तर ते पैसे हॉस्टेलच्या गादीसाठी आणि पहिल्या दिवाळीच्या तिकिटासाठी ठेवा.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्याकडच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेत तुम्ही कॉलेजला भेट दिलीत की नाही याला काडीचंही महत्त्व नाही. जोसा (आयआयटी-एनआयटींची देशपातळीवरची प्रवेशप्रक्रिया) असो वा आपल्या राज्याच्या सीईटी सेलची कॅप (राज्यातल्या कॉलेजांची प्रवेशप्रक्रिया), रँक किंवा पर्सेंटाइल, प्रवर्ग, कोटा आणि तुम्ही भरलेला क्रम एवढ्यावरच सीट मिळते. प्राचार्यांना भेटून "सर, आम्हाला इथेच यायचंय" असं सांगणारे पालक मी पाहिलेत. त्यांची तळमळ कळते, पण त्या सरांच्या हातात त्या वेळी काहीच नसतं. तेव्हा भेट द्यायची ती आपल्या स्वतःच्या निर्णयासाठी.

आता जोसाचं. आयआयटी, एनआयटी, ट्रिपलआयटी यांच्या सीट २०१५ पासून जोसातून मिळतात. जेईई अ‍ॅडव्हान्सचा निकाल लागला की लगेच पसंती भरायला सुरुवात होते, आणि यादी एकदा लॉक झाली की पुढच्या सगळ्या फेऱ्या त्याच यादीवर चालतात. मिळालेली सीट स्वीकारून फ्रीझ, फ्लोट किंवा स्लाइड निवडता येतं. फ्रीझ म्हणजे मिळालेली सीट पक्की करून तिथेच थांबणं, फ्लोट म्हणजे हातातली सीट धरून वरच्या पसंतीची वाट बघणं, स्लाइड म्हणजे त्याच संस्थेत वरची ब्रांच मिळते का ते बघणं. पण क्रम काही बदलता येत नाही. त्यातून पैसे भरायला आणि कागदपत्रं अपलोड करायला प्रत्येक फेरीत मोजकेच दिवस मिळतात. सीट लागल्यावर गुवाहाटीला जाऊन येऊ म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. तोवर ठरवायचं एवढंच उरलेलं असतं की सीट ठेवायची की सोडायची. जायचंच असेल तर यादी लॉक करायच्या आत जायला हवं.

आणि नेमकी इथेच मोठी अडचण आहे. आपण मोकळे होतो मे-जूनमध्ये, बोर्ड आणि एंट्रन्स संपल्यावर. त्याच वेळी आयआयटी-एनआयटींमध्ये उन्हाळी सुट्टी असते. मुलं घरी गेलेली, लेक्चर बंद, मेस चालू असली तरी नावापुरती. गेटवर नोंद करून आत सोडलंच, तर झाडं, इमारती आणि रिकामे कॉरिडॉर दिसतात. रिकाम्या कॅम्पसवर मुलं भाळतात तरी, नाहीतर उगाच नाउमेद होतात. ज्यांची मुलं आत्ता अकरावीत आहेत त्यांना मी कळकळीने सांगते, लांबच्या संस्था बघायच्या असतील तर अकरावीच्या वर्षातच, सेमिस्टर चालू असताना बघा. बारावीत ते जमत नाही, जमवूही नये.

माझ्या मुलाच्या रँकवर दोन गोष्टी समोर होत्या. खरगपूर आयआयटीत मेटलर्जी (धातुशास्त्र), नाहीतर नागपूरच्या व्हीएनआयटीत होम स्टेट कोट्यातून इलेक्ट्रिकल. (एनआयटीत निम्म्या जागा त्या राज्यातल्या मुलांना असतात आणि राज्य ठरतं ते बारावी कुठून दिली त्यावर. राजस्थानातल्या कोटा शहरात राहून तिथल्याच शाळेतून बारावी देणाऱ्या मुलांचं होम स्टेट राजस्थान होतं. हे अकरावीत प्रवेश घेतानाच लक्षात ठेवायला हवं.) खरगपूरला जाऊन यायची त्याला फार हौस होती. १९५१ साली हिजलीच्या जुन्या बंदिशाळेच्या इमारतीत सुरू झालेली ती संस्था; त्याने तिच्याबद्दल खूप वाचलं होतं. यांनी गीतांजली एक्स्प्रेसच्या तिकिटांची चौकशीही केली. मुंबईहून निघालं की दुसऱ्या दिवशी खरगपूर.

मग आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि मी विचारलं, "तिथे जाऊन तू काय बघणार आहेस, ज्याने तुझं ठरेल?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "कॅम्पस आवडेलच गं. पण मेटलर्जी आवडेल का, ते तिथे जाऊन कसं कळणार?" त्याचा खरा प्रश्न ब्रांचचा होता आणि त्यासाठी तीस तासांच्या प्रवासाची गरज नव्हती. दोन्हीकडच्या वेबसाइटवरून त्याने चारही वर्षांचा अभ्यासक्रम डाउनलोड केला आणि विषयांची नावं वहीत शेजारी शेजारी लिहून काढली. ओळखीतून मेटलर्जीच्या तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलांचे नंबर मिळवले आणि त्यांच्याशी तासतासभर बोलला. आठवडाभर ती वही त्याच्या उशाशी होती. शेवटी त्याने खरगपूर वर ठेवलं ते पदार्थांचे गुणधर्म, मिश्रधातू, सिरॅमिक्स हे विषय त्याला स्वतःला वाचावेसे वाटले म्हणून. कॅम्पस त्याने पाहिला तो थेट प्रवेशाच्या दिवशी.

मुलीची गोष्ट वेगळी होती, कारण तिचा प्रवेश कॅपमधून व्हायचा होता, आणि कॅपचं वेळापत्रक भेटीला बऱ्यापैकी साथ देतं. प्रत्येक फेरीआधी ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंतीची यादी, नव्याने भरता येतो, त्यामुळे दोन फेऱ्यांच्या मधे जाऊन आलात तर जे पाहिलं त्याचा उपयोग होतो. बऱ्याच कॉलेजांत तोवर वरच्या वर्षांचे वर्ग सुरू झालेले असतात, म्हणजे कॉलेज जागं असतं. मुंबईहून महाराष्ट्रातली बरीच जुनी सरकारी-अनुदानित कॉलेजं एका रात्रीच्या गाडीच्या टप्प्यात आहेत: सांगलीला महालक्ष्मी, नांदेडला देवगिरी, नागपूरला विदर्भ. एक मात्र विसरू नका. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली तर ती आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणून पहिल्या क्रमांकावर नाव टाकण्याआधी घरात नीट बोलणं झालेलं असू द्या.

लेकीच्या यादीत वर होतं नवी मुंबईतलं एक खासगी कॉलेज, खाली सांगलीचं वालचंद. मार्कांच्या हिशोबाने उलट हवं होतं, पण "मला एकटीला जमेल का?" ही धास्ती होती. तिथली गल्ली, तिथली माणसं, राहायची खोली डोळ्यांनी बघितल्याशिवाय ही धास्ती जाणार नव्हती. म्हणून गेलो.

महालक्ष्मीने सकाळी सांगलीला उतरलो. बाहेर पाऊस. रिक्षात बसल्या बसल्या मी २०१९ च्या पुराचं विचारलं. कृष्णाकाठच्या गावात मुलगी चार वर्षं ठेवायची तर आईच्या मनात पहिलं तेच येणार. रिक्षावाले दादा गावभागाच्या दिशेला हात करून म्हणाले, "तिकडं निम्मं गाव पाण्यात हुतं बघा ताई. तुम्ही चाललाय विश्रामबागेला, ते नदीपास्नं लांब हाय." एवढ्यावर न थांबता मी नंतर दुकानदाराला, खानावळीच्या मावशींना, सगळ्यांना तेच विचारलं. गावच्या माणसांइतकी खरी माहिती कुठल्याच माहितीपत्रकात नसते.

वालचंद १९४७ सालचं. जुन्या इमारतींचा दरारा असतो, तो वाटलाच. पण आम्ही इमारतींपाशी फार रेंगाळलो नाही. प्रॅक्टिकल संपवून बाहेर पडणाऱ्या मुलींचा घोळका दिसला, तिथे लेकीला पाठवलं आणि मी मुद्दाम लांब उभी राहिले. आई शेजारी असली की मुली खरं बोलत नाहीत. अर्ध्या तासाने ती आली ती हसतच. त्यांतली एक ठाण्याची निघाली. तिने सांगितलं होतं की पहिला महिना घरची आठवण येते, लोकलची सवय असते म्हणून संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही, आणि मग इतका वेळ हातात उरतो की त्याचं काहीतरी करायला शिकावंच लागतं.

राहण्याची चौकशी मात्र मी केली, आणि त्यात जवळजवळ सगळी दुपार गेली. आयआयटी-एनआयटीत बहुतेक सगळी मुलं हॉस्टेलवर राहतात. आपल्या राज्यातल्या सरकारी-अनुदानित कॉलेजांत हॉस्टेलच्या जागा कमी, आणि त्या मेरिट व प्रवर्गाप्रमाणे भरतात. म्हणजे प्रवेश मिळाला तरी हॉस्टेल मिळेलच असं नाही. म्हणून कॉलेजच्या आसपासच्या मुलींच्या खासगी वसतिगृहांत जाऊन खोल्या पाहिल्या. एका खोलीत तीन कॉट, आणि चार्जिंगचा पॉइंट एकाच कॉटपाशी. मी नळ सोडून पाहिला, पाणी किती वाजता येतं ते विचारलं. खिडकी उघडली तर पलीकडच्या घराची भिंत. दुसऱ्या ठिकाणच्या काकूंनी खोली दाखवायच्या आधी आम्हाला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, झणझणीत रस्सा, दही. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली. गेट रात्री किती वाजता बंद होतं, ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं, वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का, भाडं किती महिन्यांचं आगाऊ घेतात, मधेच सोडलं तर डिपॉझिट परत मिळतं का. काकूंनी एकेका प्रश्नाचं न चिडता उत्तर दिलं, त्यावरूनच मला बरंच काही कळलं.

परतीच्या गाडीत लेकीने फोनवर यादी उघडली आणि सांगली वर नेलं. मी काही बोलले नाही.

खासगी कॉलेज बघायला जाताना एक खबरदारी घ्या. अशाच एका ठिकाणी, नाव सांगत नाही, आम्हाला एसी खोलीत बसवून सरबत दिलं आणि तासाभरात "आज टोकन भरलंत तर सीट धरून ठेवतो" सुरू झालं. मूळ मार्कशीट आणि दाखलाही मागितला. भेटीच्या दिवशी पैसे भरू नका आणि मूळ कागदपत्रं घरी ठेवूनच जा. मूळ प्रमाणपत्रं संस्थेने ठेवून घेऊ नयेत असा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे. मुलींच्या पालकांसाठी आणखी एक: २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातल्या मुलींना राज्य सरकार व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करतं. ही सवलत केंद्रीय प्रक्रियेतून मिळालेल्या सीटला आहे, मॅनेजमेंट कोट्याला (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांना) नाही. चकचकीत लॉबी बघून आलेल्या उत्साहात ती घालवू नका.

परदेशाचं विचारणारेही भेटतात. अमेरिकेतली काही खासगी कॉलेजं विद्यार्थ्याने दाखवलेला रस विचारात घेतात, बरीच घेत नाहीत. कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाची माहिती प्रसिद्ध करतात, त्यात हे लिहिलेलं असतं. जिथे रस मोजला जातो तिथेही ऑनलाइन माहितीसत्रात नाव नोंदवून हजर राहता येतं. मुंबईहून फक्त त्यासाठी विमानाने जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

जायचं ठरलंच तर रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. कॅपच्या फेऱ्यांच्या तारखा तितक्या आधी कळत नाहीत, म्हणून अंदाजाने तिकीट काढून ठेवा, रद्द केलं तर थोडे पैसे कापले जातील. शनिवार-रविवार टाळा. वर्ग चालू असतानाचा दिवस हवा.

जाणं शक्य नसेल तर मनाला लावून घेऊ नका. घरी बसूनच नेटाने चौकशी करा. एनआयआरएफसाठी (केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीसाठी) संस्थेने भरलेल्या माहितीत किती मुलं पास झाली, किती जणांना नोकरी लागली, मध्यम पगार (मीडियन, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त आणि निम्म्यांना कमी मिळतो तो आकडा) किती, किती जण पुढे शिकायला गेले हे असतं. तिथे सर्वात मोठ्या पॅकेजकडे बघू नका, मध्यम पगाराकडे बघा. मग तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याला, शक्यतो दुसऱ्या वर्षाच्या, व्हिडिओ कॉल करा आणि त्याची खोली, बाथरूम, मेसचं ताट दाखवायला सांगा. मुलं आनंदाने दाखवतात. रॅगिंगबद्दल सरळ विचारा, आणि देशभराचा मदतीचा नंबर १८००-१८०-५५२२ मुलाच्या फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. शेवटी विचारा, "तुझ्या धाकट्या भावंडाला इथे पाठवशील का?" उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो, तेही ऐका.