होडीने फिरताना पोशाखाच्या या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी राजपुरीहून शिडाच्या होडीने आम्ही जंजिऱ्याला गेलो होतो. किल्ल्याच्या दरवाजापाशी होडी वरखाली होत होती आणि खलाशी हात धरून एकेकाला पायऱ्यांवर उतरवत होते. माझ्या मामेबहिणीने घेरदार अनारकली आणि उंच टाचांची सँडल घातली होती. घेरामुळे तिला आपले पाऊलच दिसेना, काठावर पाय पडला आणि गुडघा पायरीवर आपटला. फोटो सुंदर आले, पण गड तिने लंगडतच पाहिला. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की होडीचा पोशाख ठरवताना चढण्या-उतरण्याचा तो क्षण आधी डोळ्यांसमोर आणावा.

कपड्याचा घोळ घोट्याच्या वर असावा. गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि खाली सरळ, आखूड पँट हा जोड दिसतोही छान. कोळी स्त्रियांचे कासोट्याचे लुगडे पाहिले की सोय आणि डौल एकत्र कसे नांदतात हे लगेच कळते. पाय मोकळे राहतात आणि काठ पाण्यात भिजत नाही. साडीच नेसायची असेल तर नऊवारी नेसावी.

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे जीन्स. एका लाटेचे तुषार उडाले की ती गुडघ्यापर्यंत ओली होते, जड होते, कित्येक तास वाळत नाही आणि मिठामुळे मांड्यांना काचते. पातळ सुती किंवा लवकर वाळणारे सिंथेटिक कापड बरे. मात्र पांढरे मलमल भिजल्यावर पारदर्शक होते, तर गडद एकरंगी कापडावर खारे पाणी वाळून पांढरे डाग उमटतात. म्हणून मध्यम रंगाचे, बारीक छापाचे कापड निवडावे.

कोल्हापुरी चप्पल घरी ठेवावी, कारण खाऱ्या पाण्याने चामडे कडक होऊन तडकते. अनवाणी उतरणेही धोक्याचे आहे. शेवाळावर पाय घसरतो आणि खडकाला चिकटलेल्या कालव्यांच्या शिंपल्यांची धार पाय कापते. मागे पट्टा असलेली रबरी तळाची सँडल उत्तम.

वर छप्पर आहे म्हणून ऊन लागणार नाही, हा समज चुकीचा आहे. समुद्राचा फेस सुमारे 25 टक्के अतिनील किरण परावर्तित करतो, त्यामुळे ऊन खालूनही लागते. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि हनुवटीखाली दोरी बांधता येणारी टोपी घ्यावी, कारण दुपारी खारे वारे जोर धरतात आणि बिनदोरीची टोपी हमखास पाण्यात जाते.

ओढणी, स्टोल आणि लांब माळा लाइफ जॅकेट घालण्यापूर्वीच काढून पिशवीत ठेवाव्यात. त्या बकलमध्ये अडकतात, आणि मोटरबोटीत इंजिनाजवळ बसल्यास उडती ओढणी जिवावर बेतू शकते. फोटोसाठी जॅकेट सैल सोडू नये. पाण्यात पडल्यावर सैल जॅकेट वर सरकून गळ्याशी येते. त्याचे पट्टे आवळल्यावर नीट बसेल असा वरचा कपडा साधा आणि बिनफुगीर असावा.

कपडे भिजलेच, तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यातून दोनदा खळबळून सावलीत वाळवावेत. धातूची चेन आणि बटणे वेगळी चोळून धुवावीत, नाहीतर गंजाचा डाग कापडात उतरतो आणि मग तो निघता निघत नाही.