दोन जागांवर उमेदवारी: अर्ज कसा भरावा, राजीनामा केव्हा द्यावा

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ३३(७) नुसार लोकसभेच्या सार्वत्रिक निवडणुकीत एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन मतदारसंघांतून उभे राहता येते. १९९६ च्या दुरुस्तीपूर्वी अशी मर्यादा नव्हती. १९५७ मध्ये अटलबिहारी वाजपेयी लखनौ, मथुरा आणि बलरामपूर अशा तीन ठिकाणी उभे होते आणि फक्त बलरामपुरात निवडून आले. विधानसभेसाठीची दोन जागांची मर्यादा स्वतंत्रपणे मोजली जाते, त्यामुळे एकाच वेळी लोकसभा आणि विधानसभा लढवण्यास हे कलम आड येत नाही.

अर्ज भरताना प्रत्येक मतदारसंघाचे काम वेगळे समजावे. सूचक, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे, त्याच मतदारसंघातील मतदार असावे लागतात: मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक, इतरांना दहा. आपले नाव दुसऱ्या मतदारसंघाच्या यादीत असेल, तर त्या यादीच्या संबंधित भागाची प्रमाणित प्रत जोडावी. नमुना २६ मधील शपथपत्रात (गुन्हे, मालमत्ता व शिक्षण यांची माहिती देणारे) एकही रकाना कोरा ठेवू नये. दोनपेक्षा अधिक मतदारसंघांतून नामनिर्देशन केलेले नाही व करणार नाही, असे घोषणापत्र नामनिर्देशनपत्रातच असते. सहीच्या घाईत ते न वाचता पुढे जाऊ नये. लोकसभेची अनामत प्रत्येक जागेसाठी २५,००० रुपये (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२,५००) आहे. दोन्हीकडे विजय मिळाला तरी एकच अनामत परत मिळते, हे बहुतेकांना नंतर कळते.

खरी जोखीम निकालानंतर सुरू होते. लोकसभेच्या दोन्ही जागा जिंकल्यास निवडून आल्याच्या तारखेपासून, आणि तारखा वेगळ्या असल्यास शेवटच्या तारखेपासून, १४ दिवसांत एका जागेचा स्वतःच्या सहीचा राजीनामा द्यावा लागतो. मुदत चुकली तर कलम ७० नुसार दोन्ही जागा रिक्त होतात. २०२४ मध्ये ४ जूनला निकाल लागला आणि रायबरेली व वायनाड या दोन्ही जागा जिंकलेले राहुल गांधी वायनाड सोडणार असल्याचे १७ जूनला जाहीर झाले, म्हणजे मुदत संपायला जेमतेम एक दिवस उरला होता. इतका उशीर इतरांनी न केलेला बरा.

आमदार असताना खासदार झाल्यास गणित बदलते. येथेही मुदत १४ दिवसांचीच असते, पण ती निवडीची अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून मोजतात, आणि आमदारकी वेळेत सोडली नाही तर संसदेतील जागाच रिकामी होते. त्यामुळे राजीनाम्याचे पत्र विधानसभा अध्यक्षांकडे देऊन त्याची पोच घ्यावी. २०२४ मध्ये धारावीच्या आमदार वर्षा गायकवाड आणि सोलापूर शहर मध्यच्या आमदार प्रणिती शिंदे लोकसभेवर निवडून आल्या, तेव्हा त्यांना हाच नियम लागू होता. आमदार लोकसभेला पराभूत झाला, तर मात्र त्याची आमदारकी कायम राहते.