देवाची वाट पाहताना या चुका टाळा

कोल्हापुरातल्या कुठल्याही चर्चमध्ये उपासना सुटली की आवारात एक वाक्य हमखास कानावर पडतं: "प्रभूची वेळ आली की होईल." मुलाची नोकरी, लेकीचं लग्न, सुनेची कूस, कोर्टात अडकलेली जमीन, सगळ्यांना तेच उत्तर. वाक्य खोटं नाही, पण ते फार लवकर बोललं जातं. समोरची बाई मान हलवून गप्प बसते आणि पुढच्या प्रार्थना सभेत तो विषय काढतच नाही. वाट पाहण्यातली सगळ्यात मोठी चूक इथंच घडते, कारण मागणंच बंद पडतं.

मागणं गिळून टाकणं

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायात न्यायाधीशाच्या दारात पुन्हा पुन्हा जाणारी विधवा आहे. खचून न जाता प्रार्थना करत राहावं, हे शिकवायलाच येशूनं तो दाखला सांगितला. तेव्हा तीच विनंती दहाव्यांदा केली म्हणून देव वैतागत नाही. मूल नसलेली हन्ना तर शिलोच्या मंदिरात मुलासाठी इतकी कळवळून प्रार्थना करत होती की एली याजकाला ती प्यायलेलीच वाटली. पुढचं वाक्य मात्र आपण घाईत वाचून जातो: तिथून उठल्यावर ती जेवली आणि तिचा चेहरा उदास राहिला नाही. मूल अजून पोटातही नव्हतं. मन देवापुढे ओतलं, एवढंच काय ते झालं होतं.

शौलासारखी घाई

इस्राएलचा राजा शौल यानं गिलगालात सात दिवस संदेष्टा शमुवेल याची वाट पाहिली. अर्पण शमुवेलानं येऊन करायचं होतं. समोर शत्रू पलिष्टी जमलेले, मागं आपलीच माणसं पळू लागलेली. शेवटी त्यानं स्वतःच होमार्पण केलं, आणि ते संपतं न संपतं तोच शमुवेल आला. शौल वाट पाहतच नव्हता असं नाही. शेवटच्या घटकेला त्याचा धीर सुटला.

आपल्याकडे हे कसं दिसतं? वय वाढतंय म्हणून मनात नसलेल्या स्थळाला होकार दिला जातो, किंवा नोकरी लावतो म्हणणाऱ्याला घरच्यांना न सांगता पैसे दिले जातात. अशा वेळी स्वतःला दोन प्रश्न विचारा. हा निर्णय एक आठवडा थांबवला तर नेमकं काय बिघडेल? आणि यातली कोणती गोष्ट मी घरापासून किंवा पाळकांपासून, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंपासून, लपवतोय? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर निघालं, तर थांबाच.

घाईची किंमत बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी मोजतो. अब्राहाम 75 वर्षांचा असताना देवाचं वचन घेऊन निघाला, वचनाचा मुलगा इसहाक झाला तेव्हा तो 100 वर्षांचा होता. मधे 86 व्या वर्षी पत्नी सारा हिची दासी हागार हिच्यापासून इश्माएल झाला. अब्राहाम आणि सारा यांच्या उतावीळपणाचं ओझं त्या दासीनं आणि तिच्या पोरानं रानात वाहिलं.

हातावर हात ठेवून बसणं

नव्या करारातल्या आपल्या पत्रात धीराविषयी लिहिताना याकोबानं शेतकऱ्याचं उदाहरण दिलंय, आणि करवीर-कागलच्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायला नको. आडसाली लावण केली की ऊस तुटायला दीड वर्ष जातं, पण त्या दीड वर्षात भांगलण, भरणी, पाण्याच्या पाळ्या चुकत नाहीत. ऊस वाढवणं आपल्या हातात नाही. बाकी सगळं आहे.

परक्या राजाच्या दरबारात असलेला नहेम्या मोडलेल्या यरुशलेमेसाठी यहुदी महिन्यांतल्या किसलेवपासून नीसानपर्यंत, म्हणजे सुमारे चार महिने प्रार्थना करत होता. राजानं विचारल्यावर त्यानं लाकडासाठी वनरक्षक आसाफाच्या नावाचं पत्रही मागून घेतलं. त्याचा हिशेब आधीच तयार होता. म्हणून नोकरीसाठी उपवास करत असाल तर अर्जही भरा. महापुरात घर पडलं असेल तर प्रार्थनेबरोबर पंचनाम्याचे कागदही वेळेत द्या.

आजारपणात ही चूक जिवावर बेतते. "विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला?" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जवळच मिरजेत मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये रुग्णालय सुरू केलं. प्रार्थना आणि उपचार यांची फारकत करायचं कारण नाही.

चिन्हं शोधणं आणि तुलना करणं

डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचं आणि बोट पडेल ते वचन उत्तर समजायचं, हे सोडा. अख्खा अध्याय वाचा. दुसऱ्याची साक्ष ऐकून "माझंच का नाही?" असं वाटलं, तर तेही देवालाच सांगा, मनात कुजू देऊ नका.

प्रार्थना होतच नसेल तर

शब्द सुचत नसतील तर बायबलमधलं स्तोत्र 13 मोठ्यानं वाचा. जेमतेम सहा वचनं आहेत, आणि सुरुवातच "कोठवर?" या तक्रारीनं होते. देवाला असं विचारलेलं चालतं. एक वही ठेवा: तारीख, नाव, विनंती. काही महिन्यांनी मागची पानं चाळा. पुष्कळदा विनंतीचे शब्दच बदललेले दिसतात. 'ही जागा मिळू दे' पासून 'घर चालू दे' पर्यंत. त्या बदलाविषयी पाळकांशी बोला.

झोप उडाली, अन्न जात नाही, जगणं नकोसं वाटतंय, तर आजच घरच्यांना आणि पाळकांना सांगा, डॉक्टरांनाही दाखवा. हा अविश्वास नव्हे. संदेष्टा एलीया यानं झुडपाखाली बसून मरण मागितलं, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. देवाला भेटायची होरेब डोंगराची वाट त्यानंतरची.